नंतर बघू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



तुम्ही आत्ता माझा आवाज ऐकताय, पण मी आत्ता बोलत नाहीये. हे भाषण काही दिवसांपूर्वीच ध्वनिमुद्रित झालं. मी माझ्या सवडीनं आलो, बोललो, चहा घेतला आणि घरी गेलो. रेडिओवाल्यांकडे ही सोय फार जुनी आहे. बोलायचं एका वेळी, ऐकवायचं दुसऱ्या वेळी. बघणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसाला मात्र ती उशिरा मिळाली. आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे. छपरावरची छत्री आणि टीव्हीखालची कार्यक्रम रेकॉर्ड करणारी पेटी यांनी बघणाऱ्याच्या हातात वेळ दिला. किती दिला, आणि काय दिलं नाही, ते आपण पाहू.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला कवी माणूस. इंजिनिअर नव्हे. पण पेटी बसवायला आलेल्या मुलाला मी इतके प्रश्न विचारले की तो शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही दुसऱ्या कंपनीचे तर नाही ना?" त्या मुलाकडून आणि नंतर वाचनातून जे समजलं, ते सांगतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात टीव्ही यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली, तेव्हा कुठे आमच्याकडे बांबूंवर अँटेना चढले. तेव्हाचा टीव्ही म्हणजे एसटीच. तिची वेळ तिची, आपण धावत जाऊन गाठायची. फरक एवढाच की एसटी निदान उशिरा तरी यायची. टीव्ही वेळेवर यायचा आणि वेळेवर निघून जायचा. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं की आमच्या मोहल्ल्यातसुद्धा रस्त्यावर कुत्रं दिसत नसे. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या पडवीत पन्नास जोडी चपला.

पण एसटी चुकणारी माणसं ठरलेली असतात. आमच्या घरी ती म्हणजे अम्मा. रात्रीच्या मालिकेची वेळ आणि भाकऱ्यांची वेळ एकच. टीव्ही माजघरात, चूल मागच्या बाजूला. अर्ध्याअधिक मालिका अम्मानं कानांनीच पाहिल्या. आवाजावरून ती पात्रं ओळखायची. कधी हात पुसत दारात आली तर विचारायची, "हीच काय ती सासू? आवाजावरून मला वाटलं, चांगली जाडजूड असेल." आम्ही पुरुष माणसं टीव्हीसमोर बसून हसायचो. घरोघरी हेच होतं. टीव्हीचं वेळापत्रक ज्यांनी केलं, त्यांच्या डोळ्यांसमोर संध्याकाळी मोकळा झालेला माणूस होता. संध्याकाळी जिच्या कामाला जोर यायचा, ती बाई त्यात नव्हती. रात्रपाळीचा कामगार नव्हता, पहाटे होडी घेऊन जायचं म्हणून लवकर झोपणारा मच्छीमारही नव्हता.

कार्यक्रम थोपवून धरण्याची सोय आधी मिळाली ती प्रक्षेपण करणाऱ्यांना. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक. न्यूयॉर्कला संध्याकाळी लागणाऱ्या बातम्या तिकडच्या लोकांना भर दुपारी कशा दाखवायच्या? अँपेक्स या कंपनीनं १९५६ साली चित्र टेपवर उतरवणारं यंत्र बाजारात आणलं, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसनं आपल्या बातम्या टेपवर घेऊन पश्चिम किनाऱ्याला तीन तास उशिरा दाखवल्या. ती यंत्रं कपाटाएवढी आणि किमती डोळे फिरवणाऱ्या. त्यामुळे घरात ती येण्याचा प्रश्नच नव्हता.

घरात हे यंत्र आलं ते जपानमधून. १९७५ साली सोनीचं बीटामॅक्स, १९७६ साली जेव्हीसीचं व्हीएचएस. सोनीचे अकिओ मोरिता लोकांना सांगत की टीव्हीच्या वेळेला तुम्ही बांधलेले नाही, वेळ तुम्ही सरकवू शकता. चित्रपट कंपन्यांना हे रुचलं नाही. युनिव्हर्सल आणि डिस्नी यांनी १९७६ मध्ये सोनीवर खटला भरला. म्हणणं असं की घरी बसून कार्यक्रम टेप करणं ही चोरी, आणि यंत्र विकणारा त्या चोरीचा साथीदार. खटला आठ वर्षं चालला. मुलांचे कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली की घरातल्या माणसांना सोयीच्या वेळी एकत्र बसून आपला कार्यक्रम बघता येत असेल, तर त्यांना त्यात गैर काही दिसत नाही. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं निकाल दिला. घरी आलेला कार्यक्रम नंतर बघण्यासाठी टेप करणं हा गुन्हा नव्हे. एक न्यायमूर्ती पलीकडे गेले असते, तर पुढची सगळी गोष्ट बदलली असती.

आमच्या कोकणात व्हीसीआर आला तो आखाताच्या वाटेनं. माझे मामू कुवेतला होते. त्या काळी सुटीवर येणाऱ्याच्या सामानात पाहुण्यांसाठी अत्तर, बायकांसाठी कापड आणि एखाद्या नशीबवान घरासाठी व्हीसीआर असे. पण गंमत बघा. ज्या कामासाठी अमेरिकेत एवढा मोठा खटला झाला, त्या कामासाठी आमच्याकडे तो फारसा वापरलाच गेला नाही. लोक भाड्यानं कॅसेट आणून सिनेमे बघायचे. कॅसेटवर उतरलेली पाकिस्तानी दूरचित्रवाणीची नाटकं घरोघर फिरायची. लग्नाची कॅसेट पाहुणे आले की हमखास लागायची. टीव्हीवरचं टेप करायचं म्हटलं तर कोरी कॅसेट महाग, टायमर लावणं कटकटीचं, आणि नेमकी त्या वेळी वीज जायची. वर आमची हवा! दोन पावसाळे गेले की टेपला बुरशी धरायची आणि नवरदेवाच्या तोंडावरून मुंग्या चालू लागायच्या.

खरी सोय आली ती छत्रीबरोबर. भारतात थेट घरापर्यंतची उपग्रह सेवा २००३ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं महिन्याचे पैसे न घेणारी आपली सेवा आणली. तिला आज आपण फ्री डिश म्हणतो. २००८ मध्ये टाटा स्कायनं मुद्रण करणारी पेटी आणली आणि मग इतर कंपन्यांनीही. आमच्या घरी अशी पेटी २०११ च्या सुमारास आली.

तिचं काम चालतं असं. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह असतो. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी थांबलेला वाटतो. आमच्या मोहल्ल्यात नमाजाला माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी राहतात आणि छपरावरच्या छत्र्या सगळ्या आग्नेयेकडे. छत्री त्याच्याकडून आलेल्या क्षीण लहरी एका बिंदूवर गोळा करते. तिच्यापुढे दांडीवर जो लहान डबा असतो, तो त्या लहरी वायरीतून खाली आणता येतील अशा करतो. पेटी त्यातून आपल्याला हवी ती वाहिनी निवडते.

आता व्हीसीआर आणि ही पेटी यांतला फरक. व्हीसीआर समोर दिसणारं चित्र टेपवर नव्यानं उतरवायचा, म्हणून ते मूळ चित्रापेक्षा फिकं असायचं. उपग्रहावरून चित्र येतं तेच मुळी आकड्यांच्या रूपात. पेटी ते आकडे जसेच्या तसे आपल्या चकतीवर लिहून ठेवते. म्हणून रात्री बघा नाहीतर दहा दिवसांनी बघा, चित्र तितकंच स्वच्छ. पेटीत वाहिनी पकडणारे भाग दोन असतात आणि छत्रीपासून वायरीही दोन येतात, म्हणून एक कार्यक्रम बघता बघता दुसरा रेकॉर्ड होतो. कार्यक्रमांची यादी संदेशाबरोबरच येते. नावावर बोट ठेवायचं, की काम झालं. चालू कार्यक्रमही थांबवता येतो, कारण आपण बघत असतो तेव्हाही पेटी चकतीच्या एका कोपऱ्यात सतत लिहीत असते.

अम्माला यातलं काही सांगावं लागलं नाही. तिनं एकच बटण ओळखलं. दारावर कोणी आलं की म्हणायची, "थांबव रे त्याला." पडद्यावर नायिकेच्या डोळ्यांत पाणी यायचं ते तसंच राहायचं. अम्मा उठायची, बांगडे उलटायची, शेजारणीला कोथिंबीर द्यायची आणि परत येऊन म्हणायची, "हां, रडू दे आता." उभ्या आयुष्यात ती पहिल्यांदा बसून मालिका बघत होती. रमजानच्या महिन्यात तर या पेटीचे फार उपकार झाले. इशानंतरची तरावीहची नमाज आणि मालिका, दोन्हींची वेळ एकच. पूर्वी बायका घरात नमाज पढायच्या आणि दुसऱ्या दिवशी एकमेकींना विचारायच्या, काल काय झालं? आता पेटीला लावून ठेवायचं आणि सहरीचं आवरून, सकाळच्या निवांत वेळी बघायचं. मोहल्ल्यातल्या चारपाच जणी आमच्याकडे सकाळी नऊला रात्री नऊची मालिका बघायच्या.

सगळंच नंतर बघता येतं असं नाही. क्रिकेटचा सामना रेकॉर्डला लावून मी एकदा बाजारात गेलो. कानांत बोळे घालायचे तेवढे बाकी होते. मासेवाल्यानं सुरमई तोलता तोलता निकाल सांगितला. बातम्या शिळ्या झाल्या की त्यांची रद्दी होते. आणि एक गोष्ट गेली, ती म्हणजे पन्नास जोडी चपला. सगळ्या गावानं एकाच क्षणी एकच गोष्ट बघायची आणि दुसऱ्या दिवशी पारावर, मशिदीबाहेर, एसटी स्टँडवर तिच्यावरच बोलायचं, ते संपलं. प्रत्येक घराची रात्र वेगळी झाली. तरीही त्या चपलांत माझ्या अम्माची जोडी कधीच नव्हती, हे मी विसरू शकत नाही.

पावसाला मात्र ही पेटी कधी वश झाली नाही. आपल्या घरगुती छत्रीला येणाऱ्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. एवढ्या आखूड लहरी पावसाचे थेंब शोषतात आणि विखरून टाकतात. केबलवाल्यांच्या अंगणातल्या त्या मोठ्या तबकड्या साडेसात सेंटीमीटरच्या आसपासच्या लहरी घेतात. त्यांना पाऊस इतका भोवत नाही. आमच्या जुलै महिन्याच्या रेकॉर्डिंगांत म्हणून भोकं असायची. नायक दार उघडायचा आणि मग पडदा काळा. पुन्हा चित्र यायचं तेव्हा लग्न लागलेलं असायचं. ज्या वेळी चित्र पेटीपर्यंत पोहोचलंच नाही, त्या वेळेचं पेटी तरी काय ठेवणार?

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

शेजारच्या गावात माझे एक ज्येष्ठ कविमित्र होते. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. संगमेश्वरी बोलीत लिहायचे. एका मराठी वाहिनीवर कविसंमेलन झालं, त्यात त्यांना बोलावणं आलं. पाच मिनिटं मिळाली. त्यांच्याकडे साधी पेटी होती, म्हणून ते मला म्हणाले, "तुझ्याकडे लावून ठेव." मी लावून ठेवलं. पुढच्या वर्षी ते गेले. वहिनी मग कधी गणपतीच्या आधी, कधी ईदला शिरखुर्मा घ्यायला येत आणि म्हणत, "जरा ह्यांना लावा." आम्ही लावायचो. पाच मिनिटं त्यांचा माणूस बोलायचा. पांढरा सदरा, खिशाला पेन, कविता संपली की कानामागे जाणारा हात. त्यांचं दुसरं चित्रमुद्रण कुठेही नव्हतं.

२०१६ च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि घराजवळ वीज पडली. छत्रीच्या वायरीतून झटका आत आला आणि पेटी गेली. कंपनीनं नवी पेटी दिली. जुन्या पेटीतली चकती मी काढून घेतली आणि तालुक्याला संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाकडे नेली. तो म्हणाला, चकती ठणठणीत आहे, आतले आकडेही आहेत, पण ते कुलूपबंद आहेत. कुलपाची किल्ली फक्त त्या पेटीत होती. पेटी जळाली, किल्ली गेली. नव्या पेटीला, अगदी त्याच कंपनीच्या पेटीलाही, जुनी चकती वाचता येत नाही. म्हणजे माझ्या मित्राची पाच मिनिटं माझ्या टेबलावर होती, हातात धरता येत होती आणि कधीच दिसणार नव्हती.

कायद्याकडे बघावं, तर तो आपल्या बाजूनं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९व्या कलमानुसार, स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण करणं हे प्रक्षेपकाच्या हक्काचं उल्लंघन ठरत नाही. पण कायदा परवानगी देतो आणि पेटी कुलूप लावते. कुलपामागचं कारणही खोटं नाही. कार्यक्रम करायला पैसे लागतात, आणि एकानं टिपून हजारांना वाटला तर ते बुडतात. तरी त्या कुलपाला वितरक आणि विधवा यांतला फरक कळत नाही.

यातून मला दोन शब्द वेगळे करायला शिकावं लागलं. एक पुढे ढकलणं आणि दुसरा जपून ठेवणं. ही पेटी पुढे ढकलण्यासाठी बनवलेली आहे. ते काम ती उत्तम करते. जपून ठेवण्याचं काम तिला दिलेलंच नाही. आठ दिवसांनी बघायच्या मालिकेसाठी ती ठीक. पाच मिनिटांच्या माणसासाठी नाही.

आणि घरी जपलेल्या गोष्टींची किंमत लहान नसते. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या कित्येक कार्यक्रमांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. 'डॉक्टर हू' या मालिकेचे अनेक भाग असे गेले. पण प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज उतरवला होता, म्हणून गेलेल्या भागांचे आवाज तरी आज आहेत. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या वेळी चंद्रावरून आलेल्या चित्रांच्या मूळ टेपही नासाला पुढे सापडल्या नाहीत. त्या पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये निघाला. याउलट फिलाडेल्फिया शहरातल्या मॅरियन स्टोक्स या बाईंचं उदाहरण. त्या एके काळी ग्रंथपाल होत्या. १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या घरच्या व्हीसीआरवर अहोरात्र बातम्या टेप करत राहिल्या. सुमारे ७० हजार कॅसेट झाल्या. शेजारीपाजारी त्यांना विक्षिप्त समजले असतील. आज त्या कॅसेट इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे आहेत. मोठ्या संस्थांनी पुसलं आणि घरातल्या माणसांनी ठेवलं, असं जगात वारंवार झालेलं आहे.

हल्ली मुलं म्हणतात, आता रेकॉर्ड कशाला करायचं? मोबाइलवर सगळं मिळतं. मिळतं, खरं आहे. पण ते कुणाच्या तरी गोदामात आहे. हक्काची मुदत संपली, मालक बदलला, बघणारे कमी झाले की ते तिथून उतरवलं जातं आणि आपल्याला कुणी कळवत नाही. गाजलेल्या मालिका राहतील. बोलीतली पाच मिनिटं कोण ठेवणार?

वहिनींची गोष्ट अर्धी राहिली. त्यांचा नातू एका ईदला त्यांच्याबरोबर आला होता. तेव्हा तो आठवीत असेल. आजोबा टीव्हीवर दिसताहेत म्हणून त्यानं वडिलांच्या मोबाइलवर टीव्हीचा पडदाच टिपला. हात हलतोय, पडद्यावर खिडकीचा उजेड पडलाय, मागे आमच्या कुकरची शिट्टी आहे आणि अम्मा कुणाला तरी "वाटी आण" म्हणतेय. आज मास्तरांची तीच पाच मिनिटं शिल्लक आहेत. चित्र गढूळ आहे, पण त्याला कुलूप नाही. आता ती वहिनींच्या, मुलाच्या आणि माझ्या घरी, अशी तीन ठिकाणी आहेत. योगायोगानं त्यात अम्माचा आवाजही राहिला.

तेव्हा श्रोतेहो, कुलूप फोडा असं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की तुमच्या पेटीत एखादं आपलं माणूस असेल, एखादा भजनी मंडळाचा कार्यक्रम, आजीची दोन वाक्यं घेतलेली गावची बातमी, तर ती तिथे सुरक्षित आहे असं समजू नका. वाहिनीकडे लेखी मागणी करून प्रत मिळते का बघा. काही साध्या पेट्यांत पेन ड्राइव्हवर मुद्रण होतं. ते दुसऱ्या यंत्रात चालतं का, ते आजच तपासा. यातलं काहीच जमलं नाही तर निदान आवाज उतरवून घ्या. त्यावर तारीख, कार्यक्रमाचं नाव आणि माणसाचं नाव लिहा, आणि एकापेक्षा जास्त घरांत ठेवा. मालिका नंतर बघा. हे काम मात्र पाऊस सुरू व्हायच्या आत करा.